विस्तारभयास्तव

उन्हाळ्यात संध्याकाळ झाली की आमच्या घरचा टीव्ही बंद व्हायचा, आणि तो बंद करा असं कुणाला सांगावं लागत नसे. जिन्यात गार्डकाकांच्या चपला वाजल्या की मीच उठून बटण दाबायची. जयपूरच्या रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे लांबलचक गॅलरी. दुपार कलली की आई गॅलरीत बादलीनं पाणी मारायची. फरशीतून गरम वाफ निघायची आणि ओल्या सिमेंटचा वास घरभर व्हायचा. मग बसायचे वेताचे मुड्डे बाहेर यायचे, सतरंजी यायची, कॉलनीतली पोरं यायची. आत आई भाकरी थापत असायची. ज्वारी जयपुरात मिळत होती, पण आईच्या मते ती ज्वारीच नव्हती, म्हणून बाबा मूर्तिजापूरला गेले की परत येताना ज्वारीचं पोतं आणायचे आणि ते आमच्या पलंगाखाली राहायचं. भाकरीवरचे थापटे, पलीकडच्या यार्डात डबे जोडल्याचा धडाका, स्टेशनातली कधीच न संपणारी सूचना, असं सगळं एकत्र कानावर यायचं, आणि त्या सगळ्याच्या वर गार्डकाकांचा आवाज असायचा.

गार्डकाका म्हणजे वानखडे काका, मालगाडीचे गार्ड, आमच्याच खाली पहिल्या मजल्यावर राहणारे. बाबा सिग्नल विभागात लागून पहिल्यांदा जयपूरला उतरले तेव्हा इथं ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. प्लॅटफॉर्मवर कुणीतरी अस्सल वऱ्हाडीत हमालाशी भांडत होतं, बाबा त्या आवाजाच्या मागे गेले आणि रात्रीचं जेवण काकूंच्या हातचं जेवले. पुढे आई आली, मी झाले, आणि काका-काकूंचा मुलगा पुण्याला इंजिनिअर होऊन गेला, तोपर्यंत त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात फक्त एक जिना उरला होता.

मालगाडीचा गार्ड शेवटच्या डब्यात एकटा असतो. तासन् तास कुणाशी बोलायला मिळत नाही. काका म्हणायचे, ते सगळं न बोललेलं मी इथं येऊन बोलतो. त्यांच्या सगळ्या गोष्टींत मला आवडायची ती बकरीची. ती मी किती वेळा ऐकली असेन सांगता येणार नाही.

"फुलेऱ्याच्या अलीकडे सिग्नल लाल," काका सुरू करायचे. "गाडी हालतच नाई. म्या पायरीवर बसून डबा उघडला, तं एक बाई आली बकरी घेऊन. म्हने, भाईसाब, बिठा लो. म्या म्हनलं, बाई, मालगाडीत सवारी बसवत नाई आमी. थे म्हने, मुझे मत बिठाओ, इसको बिठा लो, इसके दिन पूरे हैं." इथं काका थांबून पाणी प्यायचे, आणि आम्हाला पुढचं सगळं पाठ असूनही धीर धरवत नसे. शेवटी बाईही चढायची, बकरी काकांच्या कोटावर व्यायची, आणि पुढच्या स्टेशनात मास्तरानं गार्डसाहेब सब ठीक आहे का असं विचारल्यावर काका म्हणायचे, "निघालो तवा एकटा होतो साहेब, आता पाच जन हाओ, अन् त्यातले दोघं तं गाडीतच झाले." कधी पिल्लू एक असायचं, कधी दोन. काकू भिंतीला टेकून लसूण सोलता सोलता म्हणायच्या, "मांगच्या वेळी एकच होतं." काका मान न वळवता उत्तर द्यायचे, "वाढले."

पुस्तकाचं मात्र आमच्या घरात वेगळं होतं. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन व्हायचं. पाट, त्यावर पांढरं कापड, त्यावर ग्रंथ, आणि वाचणाऱ्यानं हातपाय धुऊन बसायचं. मला वाचायला बसवायचे, कारण पुढच्या पिढीला सवय हवी. माझी देवनागरी हिंदीच्या शाळेतली. अक्षरं सगळी कळायची, पण ग्रंथातली मराठी आणि आमच्या घरात बोलली जाणारी मराठी यांत मला इतकं अंतर वाटायचं की मी अडखळत, चुकत, मध्येच 'मतलब' म्हणत वाचायची. बाबा डोळे मिटून ऐकायचे. त्यांचे आजोबा अंगठा देणारे होते. पुस्तकाला पाय लागला तर आमच्याकडे नुसती माफी पुरत नसे, ते उचलून कपाळाला लावावं लागे.

त्यामुळे गार्डकाका पुस्तक लिहिताहेत हे कळलं तेव्हा आमच्या जिन्यात सणच आला. निवृत्ती जवळ आली होती आणि काका आपल्या नोकरीचं पुस्तक करणार होते. तो सगळा हिवाळा ते आमच्याकडे फिरकले नाहीत. दुपारी खिडकीतून ते लिहिताना दिसायचे, मफलर गुंडाळलेले, जिभेचं टोक ओठात धरलेले. बाबा जाता-येता मला म्हणायचे, "आपल्या मानसानं पुस्तक लिहून राह्यलं, समजते का तुले?" मला समजत होतं. मला एवढंच समजत होतं की बकरी छापून येणार आहे. मग ती मला कधीही, काका ड्यूटीवर असले तरी, वाचता येणार होती.

पुस्तकाचं नाव 'लोहमार्गावरील कर्तव्यसुगंध'. कॉलनीच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. ज्यांनी प्रस्तावना लिहिली होती आणि भाषाही तपासून दिली होती ते प्राध्यापक विदर्भातून आले, त्यांचं भाषण झालं, हार झाले, बुंदी आणि चिवडा झाला. काकांनी प्रत्येक घराला एकेक प्रत सही करून दिली. आमची प्रत त्यांनी बाबांच्या नावानं न देता माझ्या नावानं दिली. पहिल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत, गार्ड लोकांच्या त्या टपोऱ्या, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: चि. सुजाता हिस सप्रेम भेट, गोष्टी ऐकल्याबद्दल. बाबांनी ते वाचून माझ्याकडे असं पाहिलं की मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

मी ते त्याच रविवारी वाचायला घेतलं. आधी प्राध्यापकांची प्रस्तावना होती. मग एका साहेबांचा शुभसंदेश, मग युनियनच्या माणसाचा, मग काकांच्या वर्गमित्राचा, मग कुणा कवीची काकांवरची कविता, आणि मध्ये मध्ये सगळ्यांचे फोटो. त्यानंतर सफारी घातलेल्या काकांचा पानभर फोटो, ओठ घट्ट मिटलेले, ओळखू न येण्यासारखे. मग वंशावळ. मग कुठून कुठे बदली झाली त्याची यादी. 'कर्तव्यपरायणता', 'सेवाभाव', 'ऋणनिर्देश' असे शब्द मी एकेक करून चढत होते आणि पलीकडे काहीच नव्हतं. बकरी शोधत मी पुस्तक दोनदा चाळलं. शेवटाकडे एक ओळ सापडली: 'सेवाकाळात अनेक अविस्मरणीय प्रसंग अनुभवास आले, विस्तारभयास्तव ते येथे देत नाही.'

"बाबा, विस्तारभयास्तव म्हणजे?"

बाबांनी पेपर खाली केला. "जागा पुरत नाई म्हनून सोडून दिलं, असं."

"पण मागे इतकी पानं कोरी आहेत."

"पुस्तकाले असतात कोरी," बाबा म्हणाले आणि पेपर परत वर गेला. आई आतून म्हणाली, "चांगलं झालं पुस्तक. जाड आहे."

मला रडू आलं, हे आज सांगायला संकोच वाटत नाही. कुणीतरी माझं काहीतरी नेलं असं वाटत होतं आणि नेणारे काकाच होते. कॉलनीत ज्याच्या-त्याच्या तोंडी पुस्तकाचं कौतुक होतं, आणि ज्याच्या-त्याच्या घरी ते शोकेसमध्ये काचेआड उभं होतं. चार दिवसांनी काका जिन्यात भेटले.

"वाचलं का पोरी?"

"हो."

"कसं वाटलं?"

"छान आहे. आवडलं."

ते गेले नाहीत. कठड्याला हात लावून उभे राहिले. "खरंच आवडलं?"

"खरंच," मी म्हटलं, आणि वर पळाले.

तेव्हा मी अकरावीत होते आणि आम्हाला चित्रकलेला माथुर मॅम होत्या. सुती साड्या, कपाळावर मोठी टिकली, बोटांना कायम रंग. त्यांनी आम्हा मुलींना बसमध्ये घालून सांगानेरला कागद बनतो तिथं नेलं होतं. चिंध्यांचा लगदा, ओलसर आंबट वास, दोरीवर वाळणारे कागद. परत येताना प्रत्येकीला तिथल्या जाड, खरबरीत कागदाची शिवलेली वही मिळाली, आणि मॅमनी सांगितलं की वर्षभर वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर या वहीत एक पान करायचं. लिहायचं कमी, रंगवायचं, चिकटवायचं, फाडायचं, जे सुचेल ते. आर्ट जर्नल, त्या म्हणायच्या. बाकीच्या मुली आवडत्या पुस्तकांची फुलापाखरांची पानं करत होत्या. एके दिवशी मॅम वैतागल्या.

"जो किताब पसंद आई, उस पर तो सब बना लेते हैं," त्या म्हणाल्या. "अब वो किताब लाओ जिसने तुम्हें मायूस किया। और पन्ने पर उससे लड़ो।"

वर्गात चुळबुळ झाली, कुणाला पुस्तकच आठवेना. मला विचार करावा लागला नाही.

ते पान करताना मी फार खूश होते. हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं माहीत असल्यामुळे आता ती खुशी मीच नाकबूल करायला बघते. आई बाजारात गेलेली असताना मी मैद्याची खळ शिजवली, गॅलरीत बसले आणि प्रस्तावनेचं पहिलं पान फाडलं. फाडताना हात थांबला होता. आमच्या घरात मी आजवर पुस्तकाचा कोपरासुद्धा दुमडला नव्हता. पण एकदा फाडल्यावर दुसरं पान सोपं गेलं. सगळे शुभसंदेश चहाच्या पाण्यात बुडवून तपकिरी केले आणि डाव्या बाजूला विटांसारखे एकावर एक चिकटवून भिंत केली. भिंतीत मधोमध काकांचा सफारीतला फोटो बसवला. उजवीकडे गेरूनं आणि काजळीनं मालगाडीचा शेवटचा डबा काढला, पायरीवर एक माणूस, मांडीवर कोट, कोटात बकरीचं पिल्लू, आणि त्या माणसाचं तोंड मोठं उघडं, हसणारं. त्याच्या पायाशी काकांच्या निळ्या अक्षरातलं ते पान लावलं, कारण अख्ख्या पुस्तकात तेवढंच काकांसारखं होतं. तरी काहीतरी कमी होतं. मग मी ती ओळ कापून काढली, 'विस्तारभयास्तव ते येथे देत नाही', आणि तिची पट्टी फोटोतल्या काकांच्या तोंडावर आडवी चिकटवली. खाली हिंदीत नाव दिलं: 'बोलने वाला आदमी, चुप किताब'.

ते पान आजही माझ्याकडे आहे. पुढे मी चित्रकलेतच शिकले, आता अकोल्यात मुलांना शिकवते, आणि शिकवणारीच्या नजरेनं बघितलं तरी ते पान चांगलंच आहे. वाईट असतं तर बरं झालं असतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी पुस्तकांवर पानं करायला देते, पण मायूस करणाऱ्या पुस्तकावर कधी देत नाही, आणि का देत नाही ते विचारलं तर सांगतही नाही.

मॅमनी पान वर्गात फिरवलं आणि वार्षिक प्रदर्शनासाठी निवडलं. घरी मी एवढंच सांगितलं की गार्डकाकांच्या पुस्तकावर पान केलंय, ते शाळेत लागणार आहे. बाबांनी पान पाहायला मागितलं, पण वही मॅमकडे होती. बाबांच्या मनात पुढचं चित्र आपोआप तयार झालं. पुस्तकावर कुणी काही करतं म्हणजे गौरवच करतं. आमच्या लोकांत पुस्तकावर भाषण होतं, पुस्तकावर हार पडतो, पुस्तकाला हात लागायच्या आधी हात धुतले जातात. पुस्तकाशी भांडावं असं कुठली मास्तरीण सांगत असेल हे बाबांच्या स्वप्नातही आलं नसतं. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी वेणी घालत होते, तेव्हा ते मोज्यात पाय घालत सहज म्हणाले, "काका-काकू खाली तयार होऊन बसले आहेत. सोबतच जाऊ."

माझ्या हातातून वेणी सुटली. "काकांना कशाला?"

"कशाला म्हंजे? त्याइच्या पुस्तकाचं आहे ना थे?"

काका खाली सफारी घालून उभे होते, तोच फोटोतला. काकूंनी वंदनेला नेसायची पांढरी साडी नेसली होती. काकांच्या बगलेत कापडी पिशवी होती आणि ती त्यांनी मला उघडून दाखवली. आत पुस्तकाच्या दोन नव्या प्रती होत्या. "तुमच्या शाळेच्या लायब्ररीले," ते म्हणाले. "वरतं सही करून आणली." मी म्हटलं, काका, तिथं फार गर्दी असेल, धक्काबुक्की असेल. ते म्हणाले, "गर्दीत तं जिंदगी गेली पोरी." शाळा राजा पार्ककडे होती. बसमध्ये मी सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होते आणि बस बंद पडावी, टायर फुटावा, काहीही व्हावं असं मनात म्हणत होते. खरं सांगायचं धाडस मात्र झालं नाही. अख्ख्या रस्त्यात एक वाक्य बोलायचं होतं आणि ते मी बोलले नाही.

हॉलमध्ये दोऱ्या बांधून वह्या उघड्या टांगल्या होत्या. माझं पान दाराजवळच, सगळ्यांच्या आधी दिसेल असं. बाबा पुढे होते. त्यांना आधी बकरी दिसली आणि ते हसले. मग त्यांची नजर डावीकडे गेली आणि हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. काकांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. ते सगळं वाचतात, स्टेशनाच्या पाटीपासून औषधाच्या कागदापर्यंत, आणि तसंच त्यांनी ते पानही वाचलं. भिंतीतले संदेश वाचले. खालचं नाव वाचलं. आपलं निळं अक्षर वाचलं. मग पट्टी वाचली. पट्टीवर ते बराच वेळ थांबले, ओठ हलत होते. माझे कान इतके तापले होते की हॉलमधला गलका मला लांबून आल्यासारखा ऐकू येत होता.

तेवढ्यात माथुर मॅम आल्या. त्या दिवशी त्या फार आनंदात होत्या आणि येईल त्या पालकाला समजावून सांगत होत्या.

"आइए सर, ये देखिए, ये हमारा सबसे अच्छा काम है," त्या काकांनाच म्हणाल्या. "ये लेखक हैं, और इनके मुँह पर इन्हीं की किताब की लाइन। कितनी उबाऊ किताब रही होगी, और बच्ची ने उसमें से क्या निकाला है।" त्या हसल्या. मग त्यांनी बाबांकडे आणि काकांकडे पाहिलं. "आप लोग सुजाता के घर से?"

मी बोलायला हवं होतं, मॅम, हेच ते. फोटोतले हेच. एवढंच. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"ये पिताजी हैं," ते म्हणाले. "मैं तो पड़ोस में रहता हूँ। बच्ची ने बहुत अच्छा बनाया है।"

पिशवी त्यांनी बगलेतून काढून हातात घेतली आणि तिचे बंद मुठीत गुंडाळले. मॅमनी त्यांना अभिप्रायाच्या वहीत चार शब्द लिहायला सांगितले, तेव्हा ते म्हणाले की लिहिण्याचं आपल्याला जमत नाही.

परतीच्या बसमध्ये काकूंना खिडकीची जागा मिळाली. त्यांना वाचता येत नव्हतं, पान त्यांनी लांबून पाहिलं होतं. "कायचं होतं वो थे चित्र?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. काका म्हणाले, "बकरीचं." काकू म्हणाल्या, "बरी काढली होती."

घरी आल्यावर बाबा रागावतील, हात उगारतील असं मला वाटलं होतं आणि तसं झालं असतं तर मी सुटले असते. ते बूट न काढता खुर्चीवर बसले. "माहं तं जाऊ दे," एवढंच म्हणाले, "पन मी त्याइले हातानं धरून नेलं." आईनं माझ्याकडून सगळं काढून घेतलं, पान कसं आहे, कुठे काय लावलंय. मग उरलेलं पुस्तक हातात घेऊन फाटलेल्या पानांवरून बोट फिरवत ती बसली.

"चांगलं झालं असंल चित्र," ती म्हणाली. "पन त्याचं तोंड काहून बंद केलं?"

"मी नाही केलं. त्यांनीच केलं, पुस्तकात."

"त्याचं तोंड थो बंद करंल नाई तं उघडं ठेवंल. तुले कोनं सांगतलं?"

दुसऱ्या दिवशी आईनं पातोडीची भाजी केली, मसाला भाजल्याचा झणका जिन्याच्या तळापर्यंत गेला, आणि झाकलेली वाटी हातात देऊन तिनं मला खाली पाठवलं. आमच्याकडे माफी शब्दांनी मागत नाहीत, वाटीनं मागतात. काकांनीच दार उघडलं. खोलीत खोकी होती; निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं होतं आणि सामान गावाकडे जाणार होतं. वाटी घेऊन त्यांनी मला बसायला सांगितलं. मी काका, माझं चुकलं, असं काहीतरी सुरू केलं, पण त्यांनी हातानं थांबवलं.

"पुस्तक कसं झालं थे मले छापखान्यातच समजलं होतं," ते म्हणाले. "म्या लिहलं होतं सगळं. बकरीबी लिहली होती. प्रोफेसर म्हने, गार्डसाहेब, पुस्तकात बकरी बरी दिसत नाई. लोक काय म्हनतील, ह्या मानसानं नोकरी केली का बकऱ्या राखल्या? मले बराबर वाटलं थे. म्हनलं, पोराचे सोयरे वाचतील, त्याच्या हापिसातले वाचतील. लाज वाटली मले. म्या आपल्याच हातानं काढलं सगळं." त्यांनी वाटीवरचं झाकण उगाच नीट केलं. "मंग जो थो म्हने, बेस झालं, बेस झालं. मले वाटलं, असंल. पन खरं कोन सांगंल, तं म्हनलं, सुजू सांगंल. म्हनून जिन्यात इचारलं तुले. दोनदा इचारलं."

ते रागावून बोलत नव्हते. तक्रारही करत नव्हते. जे घडलं ते ओळीनं सांगत होते. मी खाली बघत राहिले. इतकी वर्षं झाली, या वयातही ते 'दोनदा इचारलं' आठवलं की मी जिथं असेन तिथं मान खाली जाते. जे सगळ्या शहराला दाखवायला मला जड गेलं नाही, ते एका माणसानं जिन्यात उभं राहून मागितलं होतं, आणि त्याला मी खोटं सांगून पळाले होते. तोंडावर सांगितलं असतं तर ते कदाचित हसले असते, कदाचित चिडले असते, आणि संध्याकाळी वर येऊन बसले असते.

त्यानंतर ते वर यायचे थांबले. उन्हाळा सुरू झाला, आई गॅलरीत पाणी मारत राहिली, मुड्डे बाहेर येत राहिले, आणि मग पोरंही यायची बंद झाली. टीव्ही चालू राहायला लागला. काका-काकू निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी त्यांना जेवायला बोलावलं. आईनं भाकरी, पातोडी, ठेचा केला. पोरांना कुणीतरी कळवलं असावं, कारण जेवणं होईपर्यंत सगळी सतरंजीवर येऊन बसली आणि बकरी, बकरी असा घोष लावला. काका नाही म्हणत होते. बाबांनी त्यांच्यासाठी मुड्डा पुढे ओढला. मी दाराशी, माझ्या नेहमीच्या जागी बसले.

"फुलेऱ्याच्या अलीकडे सिग्नल लाल," काकांनी सुरुवात केली, आणि माझ्याकडे पाहिलं. "गाडी हालत नाई." परत पाहिलं. बाई आली, बकरी आली, आणि प्रत्येक वाक्यानंतर त्यांची नजर माझ्याकडे येऊन जात होती. कोटाचं आलं तिथं ते अडले. "हे सांगू का?" त्यांनी मला विचारलं. "का राहू देऊ?" मी म्हटलं, सांगा ना काका. त्यांनी सांगितलं, पण घाईघाईत, कडेकडेनं, परीक्षा देत असल्यासारखं. पोरं त्यांच्याकडे पाहत होती आणि ते माझ्याकडे. काकू लसूण सोलत होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत.

मग मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले. आत जाऊन माठापाशी उभी राहिले. आई भांडी आवरत होती, ती म्हणाली, "जा ना बाहेर, गोष्ट चालू आहे." मी म्हटलं, इथूनच ऐकू येतंय. मग बाहेर काकांनी घसा खाकरला, काहीतरी बोलले आणि पोरं एकदम हसली, आणि त्यानंतर त्यांचा आवाज हळूहळू मोकळा होत पूर्वीसारखा वर चढत गेला. गोष्ट संपेपर्यंत मी बाहेर गेले नाही.